गुत्ता, परमिट रूम आणि सिडू

पन्नाशी उलटली म्हणजे माणसानें तीर्थयात्रेला निघावें, असा आपल्याकडे संकेत आहे. माझ्या बरोबरीच्या प्राध्यापकांपैकीं कोणी नर्मदा-परिक्रमा करून आले, कोणी चारधाम. माझ्या वांट्याला मात्र योकोहामा शहरांतल्या बिअरगृहांची यात्रा आली, आणि तीहि जांवयाच्या संगतीनें! मुलगी आणि जांवई कांहीं वर्षांपासून तिकडे असतात. दिवाळीच्या सुटीला रजा जोडून दीड महिना मी त्यांच्याकडे राहून आलों. परत आल्यापासून अमरावतींत जो भेटतो तो फुजी पर्वत पाहिलात का, बुद्धाची मोठी मूर्ति पाहिलीत का, असें विचारतो. दोन्ही पाहिलीं. परंतु मनांत जें घर करून राहिलें आहे तें या दोहोंपैकीं कांहींच नव्हे.

प्रथम माझ्या अधिकाराविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. मी पिणारा माणूस नव्हे. पण तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत गेलीं, आणि ज्यानें तें शिकविलें आहे त्याला ठाऊक असेल कीं त्या वाङ्मयाचा बराचसा भाग मद्यगृहांतच घडतो. फॉल्स्टाफ ईस्टचीपमधल्या आपल्या अड्ड्यावर लोळत असतो, डॉ. जॉन्सनला घरच्या खुर्चीपेक्षां टॅव्हर्नमधली खुर्ची अधिक प्रिय. कीट्सनें तर मर्मेड टॅव्हर्नवर कविताच लिहिली. हें सगळें वऱ्हाडांतल्या मुलांना समजावून सांगणें म्हणजे एक दिव्यच असतें. एकदां मी टॅव्हर्न या शब्दाचा अर्थ सांगत होतों. संध्याकाळीं गांवचीं माणसें तेथें जमतात, शेगडीची ऊब असते, गप्पा रंगतात, वकील येतो, सुतार येतो, क्वचित् पाद्रीहि येतो, असें माझें रसभरित वर्णन चाललें होतें. इतक्यांत मागच्या बांकावरून प्रश्न आला, “सर, म्हंजे भट्टी व्हय काय?” वर्ग हंसला. मला हंसूं आलें नाहीं. कारण ‘नव्हे’ म्हटल्यावर दुसरा शब्द देणें मला भाग होतें, आणि तो मराठींत सांपडेना. गुत्ता म्हणावें तर तेथें पाद्री बसत नाहीं. पिठा म्हणावें तर तेथून पोरगा बापाला उचलून घरीं नेतो. राहतां राहिली परमिट रूम.

अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत परमिट रूमला तोटा नाहीं. पण तिच्या रचनेकडे कोणी नीट पाहिलें आहे काय? कांच असते ती काळी. खिडकी असली तर तिला पडदा असतो, पडद्याआड पुन्हा फळी. आंत दिवा असतो तो इतका मंद कीं शेजारच्या टेबलावरचा माणूस ओळखूं येऊं नये. ओळखूं आलाच तर त्यानें आणि आपण न ओळखल्याचें नाटक करावें. गिऱ्हाईक शिरतांना मागें पाहतें आणि निघतांना पुढें पाहतें. तेथली बाटली अकोल्याची नाहीं, अमरावतीची तर नाहींच. छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यांतून किंवा त्याहिपलीकडून ती येते, आणि धुळ्यांत लागते तशीच धारणींतहि लागते.

या अंधाराला कायद्याचा आधार आहे. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा 1949 सालचा. 1956 सालीं विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यांत गेला आणि 1959 सालीं तो कायदा आम्हांलाहि लागू झाला. आजहि महाराष्ट्रांतला मूळ नियम बंदीचाच आहे. प्यावयाची असेल त्यानें परवाना काढावा, म्हणजे तो अपवाद ठरतो. तेव्हां ‘परमिट रूम’ या शब्दाचा सरळ अर्थ, अपवादांनीं बसण्याची खोली! जेथें बसणारा प्रत्येक जण अपवाद आहे, तेथें उजेड कोण लावील?

परंतु वऱ्हाडांतला हा अंधार केवळ कायद्यानें आलेला नाहीं, हेंहि तितकेंच खरें. 1876 सालीं अमरावती जिल्ह्यांतल्या शेंडगांवीं एका परिटाच्या घरीं मुलगा जन्मला. त्याचा बाप झिंगराजी दारूच्या पायीं गेला, तेव्हां मूल लहान होतें. तोच मुलगा पुढें बापलेक झाल्यावर बारशाला जातीच्या रीतीप्रमाणें दारू-मटण न घालतां गोड जेवण घालतो, जातभाईंचा राग ओढवून घेतो, आणि कांहीं वर्षांनीं खराटा हातीं घेऊन गांवोगांव दारूवर कोरडे ओढीत हिंडतो. गाडगेबाबांचें नांव आमच्या विद्यापीठाला दिलेलें आहे. पण त्याहिपूर्वीं तें आमच्या घरांत शिरलेलें होतें. ज्या घरांत बापानें शेत दारूंत घातलें, त्या घरच्या बाईला डॉ. जॉन्सनची खुर्ची सांगून काय उपयोग?

माझे आजोबा अकोट तालुक्यांतले. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळानें 1938 सालीं दारूबंदीचा कायदा केला, आणि ज्या थोड्या भागांत ती बंदी प्रथम लावली त्यांत अकोट तालुका होता. आजोबा माळकरी होते, बंदीचे कट्टर पुरस्कर्ते होते. तरीहि ते सांगत, “आंधी गुत्त्यावर कंदील लागे. बंदी आली तं तेवढा कंदील गेला.” लहानपणीं मला वाटे, आजोबा कंदिलाविषयीं बोलत आहेत.

आतां योकोहामाकडे येतों. साकुरागिचो स्टेशनाच्या एका बाजूला उंच इमारती आणि समुद्र, तर दुसऱ्या बाजूला नोगे नांवाची जुनी वस्ती आहे. अरुंद बोळ, आणि बोळांत आठ-दहा माणसांपुरतीं खानपानगृहें. पहिल्या संध्याकाळीं जांवयानें विचारलें, “बाबा, चलायचं का? नुसतं बघा.” मी म्हटलें, “चला जवाईबापू, शब्दार्थासाठीं येतों.” मुलगी खदखदून हंसली.

आंत गेलों तों पहिला धक्का उजेडाचा बसला. दाराला पारदर्शक कांच! रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला आंतला माणूस दिसतो, आणि आंतल्याला त्याचें कांहीं वाटत नाहीं. फळ्यावर खडूनें आज कोणत्या बिअर आहेत हें लिहिलेलें असे. एकीचें नांव, ती कोणत्या गांवची, कडू किती, तीव्रता किती टक्के. एखाद्या बिअरींत युझू नांवाच्या लिंबाची साल, दुसरींत सान्शो म्हणून तिकडची मिरीसारखी तिखट दाणी. मालकच पेला भरतो, मालकच फेंस निवतो कीं नाहीं तें पाहतो. माझ्या शेजारीं सत्तरीची एक बाई एकटी येऊन बसली. तिनें लहानसा पेला मागविला, तो अर्धा तास पुरविला, मालकाशीं पावसाविषयीं बोलली आणि निघून गेली. माझा पेलाहि लहानच होता. चव पहिल्या घोटाला कडुनिंबाच्या काढ्याची आठवण करून देणारी, तिसऱ्या घोटाला बरी. त्या आठवड्यांत आम्ही अशीं पांच-सहा दुकानें पाहिलीं. झिंगलेला माणूस मुळींच दिसला नाहीं असें मी म्हणणार नाहीं. शेवटच्या गाडीच्या वेळीं स्टेशनाच्या पायऱ्यांवर चांगले कपडे घातलेले गृहस्थ आडवे झालेले मीं पाहिले आहेत. जपान म्हणजे संयमाचें आगर असा समज करून घेऊन कोणी जाऊं नये.

पण मला चकित केलें तें त्या बिअरच्या वयानें. योकोहामा हें जपानी बिअरचें माहेर. नॉर्वेंत जन्मलेला विल्यम कोपलंड नांवाचा गृहस्थ तेथें आला, आणि 1870 सालीं यामाते टेंकडीवर झऱ्याच्या पाण्याच्या आधारानें त्यानें बिअर करण्यास प्रारंभ केला. धंदा बुडाला, त्याच जागेवर 1885 सालीं दुसरी कंपनी आली, आणि तिची बिअर 1888 पासून किरिन या नांवानें विकली जाऊं लागली. 1923 च्या भूकंपांत तो कारखाना पडला. कोपलंडची कबर त्याच शहरांतल्या परकीयांच्या स्मशानांत आहे. आणि त्या कारखान्याची जुनी विहीर? ती आज एका प्राथमिक शाळेच्या आवारांत जतन करून ठेवलेली आहे! माझ्यांतला मास्तर तें ऐकून गार झाला. आमच्याकडे शाळेच्या आवारांत दारूच्या कारखान्याची विहीर निघाली असती, तर पहिल्यांदा ती बुजविली असती आणि नंतर चौकशी समिति नेमली असती.

तर बिअर दीडशें वर्षांची. पण गल्लींतली, गांवाच्या नांवाची बिअर अलीकडची. याचें कारण जांवयानें मला सांगितलें आणि मीं तें मग वाचून पक्कें केलें. वर्षाला निदान 2,000 किलोलिटर, म्हणजे वीस लाख लिटर, बिअर काढूं शकेल त्यालाच परवाना मिळे. साहजिकच देशांत चार-पांच मोठे कारखाने, आणि सगळीकडे त्यांचीच बिअर. 1994 सालीं सरकारनें हा आंकडा 60 किलोलिटरवर आणला. बाकी कांहीं केलें नाहीं. कोणाला अनुदान दिलें नाहीं, संस्कृतिरक्षणाचें भाषण केलें नाहीं. एक आंकडा बदलला. पुढच्या कांहीं वर्षांत गांवोगांव लहान भट्ट्या उभ्या राहिल्या. पुष्कळ बुडाल्याहि, कारण पहिल्या उत्साहांत वाईट बिअर फार झाली. ज्यांनीं हात बसविला त्या टिकल्या.

याहिपेक्षां मला विचार करावयास लावणारी गोष्ट भाताच्या दारूची. जपानी शेतकरी घरच्या तांदळाची पांढरी, न गाळलेली एक दारू करीत. तिला दोबुरोकु म्हणतात. देवाला तीच, कापणीनंतर तीच. त्या काळीं सरकारच्या उत्पन्नाचा मोठा वांटा मद्यावरील कराचा होता. तेव्हां 1899 सालीं घरगुती दारू करण्यास सरसकट बंदी झाली. शेतकरी चोरून करीत, शिपाई शोधून मडकीं फोडीत. घरीं करण्याची बंदी तेथें आजहि उठलेली नाहीं. पण 2002 सालीं विशेष क्षेत्रांचा कायदा झाला, आणि त्या आधारें तोनोसारख्या डोंगरी गांवांतून, जो शेतकरी पाहुण्यांना उतरवून घेतो त्याला आपल्या तांदळाची दोबुरोकु करून त्यांना देण्याची मुभा मिळाली. त्याच्यासाठीं किमान उत्पादनाची अटहि काढली. शंभर वर्षें ज्या मडक्याला लपावें लागलें तें पाहुण्यापुढें आलें.

हें वाचतांना मला मडकीं तेथलीं दिसत नव्हतीं. मला मेळघाट दिसत होता.

अकोल्याहून खंडव्याला जाणारी मीटर गेजची गाडी 2017 सालापर्यंत मेळघाटांतून जात असे. लहानपणीं चैत्रांत त्या गाडीनें मामाकडे जातांना डब्यांत एक गोडसर, जड वास शिरे; आई पदर नाकाला लावी. तो मोहाचा वास. मोहाचें झाड चिकूच्या कुळांतलें. फाल्गुन-चैत्रांत पानें झडतात आणि पहांटे मऊ, रसाळ, पिवळट पांढरीं फुलें टपटप गळतात. कोरकू बाया उजाडण्यापूर्वीं टोपल्या घेऊन झाडाखालीं जातात, कारण उशीर झाला तर अस्वल आणि हरण वांटा घेऊन जातें. फुलें वाळवितात, तीं पुढें भाकरींत जातात, बियांचें तेल निघतें, आणि थोडीं फुलें भिजत घालून त्यांचा सडवा करतात. चार-आठ दिवसांनीं तो मडक्यांत चुलीवर चढवून वाफेची धार धरतात. ती कोरकूंची सिडू. देवापुढें पहिली ती जमिनीवर सांडतात. लग्नांत ती लागते. मेलेल्याच्या सिडोलीलाहि ती लागते. कोरकूंची भाषा मुंडा कुळांतली, तिच्या बहिणी दूर झारखंडांत. तेव्हां ही धार आपल्या मराठीहून जुनी असली तर मला नवल वाटणार नाहीं.

गेल्या चैत्रांत मी तिकडे गेलों. धारणी तालुक्यांतला एक कोरकू मुलगा पंधरा वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत होता; आतां तो आपल्याच गांवाजवळ शिक्षक आहे. टॅव्हर्नच्या तासाला तो वर्गांत होता काय, हें मीं त्याला विचारलें नाहीं. योकोहामाची सगळी हकीकत त्याला उत्साहानें सांगितली. त्यानें ती शांतपणें ऐकली आणि म्हणाला, “सर, तुम्ही तिथं गेलात, प्यायलात, आतां त्यावर लेख लिहाल. माझ्या आईवर याच गोष्टीसाठीं दोनदां केस झाली.”

मी गप्प बसलों. त्याची आई समोरच बसलेली होती. तिनें पळसाच्या द्रोणांत दोन बोटें सिडू आणली, थेंबभर भुईवर सांडली आणि द्रोण माझ्यापुढें धरला. मीं घेतली. पाण्यासारखी स्वच्छ, वास फुलाचा, घशांत ऊन लागावें तशी. मुलानें घेतली नाहीं. तो घेत नाहीं.

कां घेत नाहीं, हें त्यानें नंतर वाटेंत सांगितलें. त्याचा धाकटा भाऊ पंचविसाव्या वर्षीं दारूनें गेला. “मोहानं नाहीं सर,” तो म्हणाला. “आतां पुष्कळ ठिकाणीं मोह नांवापुरता. काळा गूळ टाकतात, नवसागर टाकतात. दोन दिवसांत तयार. पोलिस यायच्या आंत विकून मोकळें व्हायचं असतं.” मोहाचा सडवा जेवढे दिवस मागतो तेवढे दिवस चोरून करणाराजवळ नसतात. धार चांगली पडली कीं वाईट, हें पाहणारी म्हातारी भट्टीजवळ नसते. असतो तो उधारी मोजणारा. आजोबांच्या कंदिलाचा अर्थ मला त्या वाटेवर कळला.

माझें मत विचाराल तर मी स्पष्ट सांगतों. परमिट रूमची बाटली कायदेशीर आणि म्हातारीचें मडकें बेकायदेशीर, ही व्यवस्था न्यायाची नाहीं, आणि आरोग्याची तर मुळींच नाहीं. महाराष्ट्रानें 2021 सालीं मोहफुलें वेंचण्या-सांठविण्यावरचे निर्बंध उठविले, म्हणजे फूल सुटलें. धार अजून अडकलेलीच. मेळघाटाच्या शिवेपलीकडे मध्य प्रदेशानें 2022-23 च्या आबकारी धोरणांत मोहाच्या दारूला वारसा-मद्य म्हणून मान्यता दिली. तेथें आदिवासींचे गट ती करून बाटलींत भरतात. एकच झाड, एकच डोंगर, एकच भाषा. मध्यें राज्याची रेघ. पुण्यांत 2009 सालीं ‘डूलाली’नें लहान भट्टीची बिअर सुरू केली, तेव्हां तिचें सर्वत्र कौतुक झालें, कौतुकास ती पात्रहि असेल. पण तिचे हॉप परदेशचे, आणि आमचें फूल आमच्याच झाडाखालीं पडलेलें.

हें सगळें मी त्या मुलाला बोलून दाखविलें. तो म्हणाला, “आमच्या बायकांसमोर बोलाल?” दुसऱ्या दिवशीं ग्रामसभा होती. 1996 च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभेला मादक पदार्थांच्या विक्रीवर आणि सेवनावर बंदी घालण्याचा किंवा निर्बंध ठेवण्याचा अधिकार दिला आहे, आणि धारणी व चिखलदरा हे दोन्ही तालुके त्या क्षेत्रांत येतात. शाळेच्या ओसरीवर माणसें बसलीं. बाया एका बाजूला, संख्येनें अधिक. मीं बोललों नाहीं. पाहुण्यानें बोलण्याची ती जागा नव्हती.

शिक्षकानें ठराव मांडला: विक्री पूर्ण बंद, गूळ-नवसागराची दारू गांवांत दिसली तर ग्रामसभेचा दंड, देवाला, लग्नाला आणि सिडोलीला घरच्या मोहाची सिडू चालेल. ग्रामसभेच्या ठरावानें गाळणें कायदेशीर होत नाहीं, हें त्याला ठाऊक आहे. पण निदान गांवानें आपली रेघ आपण ओढावी, असें त्याचें म्हणणें. म्हातारे पुरुष खूष झाले. मग बायांतून एक तिशीची बाई उभी राहिली. ती कोरकूंत बोलली. मुलानें मला हळूच अर्थ सांगितला. “लग्न वर्षांत किती, देव किती, हें आम्हांला माहीत आहे. तुमचा माणूस रोज देव काढील. मोजणार कोण?” कोणीं उत्तर दिलें नाहीं. दुसरी म्हणाली, सगळीच बंद करा, देवाला फूल द्या. तिसरी, शिक्षकाची आईच, तिच्यावर रागावली. दीड तास हें चाललें. योकोहामाच्या गल्लींतल्या त्या वृद्ध बाईच्या लहान पेल्याची मला सारखी आठवण येत होती. तो पेलाहि कोणी तरी मोजून ठरविलेला होता, पण तिला नवऱ्याचा पेला मोजावा लागत नव्हता.

ठराव पुढच्या सभेवर गेला. निघतांना शिक्षकानें मला तोनोच्या नियमांविषयीं पुन्हा विचारलें: किती करूं देतात, कोणाला करूं देतात, आणि तपासतो कोण. शेवटच्या प्रश्नावर त्याचा भर होता. जांवयानें त्या नियमांचें इंग्रजी भाषांतर करून पाठविलें आहे. तें मी मराठींत उतरवीत आहें. पावसाळ्यापूर्वीं धारणीला पोंचलें पाहिजे. ‘ब्रूअर’ या शब्दाला काय लिहावें, यावर दोन दिवस अडलों होतों. कलाल लिहिलें आणि खोडलें. सध्यां ‘करणारी’ असें लिहून पुढें गेलों आहें.